हिमखडा आणि शेवंतीमावशीचे गुडघे

हे मी लिहिणार नव्हतो. दोनदा टाइप करून डिलीट पण केलं. मला लिहायची सवय नाही. दहावीनंतर शाळा सुटली, पुढचं जे काय शिकलो ते दुकानात बसून आणि मोबाइलवर वाचून. आणि हे दुःख माझं नाही, अनिशचं आहे. मित्राच्या घरात माणूस गेलंय आणि आपण काउंटरवर बसून त्याची गोष्ट टाइप करतोय, हे बरं वाटत नव्हतं. शेवटी अनिशच म्हणाला, लिही. म्हणून लिहितोय. गिऱ्हाईक आलं की थांबणार, गेलं की परत सुरू करणार. तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

गर्दीपासून सुरू करतो.

भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला, स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. आठवडाभर तिथे पॉलिशच्या मशिनींचा एवढा आवाज असतो की शेजारच्याशी पण ओरडून बोलावं लागतं. रविवारी मशिनी बंद. पण गेल्या हिवाळ्यात रविवारी सकाळीसुद्धा तिथे पाय ठेवायला जागा नसायची. एका रिकाम्या गाळ्यात हिमबाबा बसायला लागला होता. रांग गेटबाहेर, अंडाभुर्जीच्या गाडीपर्यंत. मनगटं धरून बसलेले पॉलिशवाले, कंबर धरून आलेल्या बायका, रिक्षावाले. भुर्जीवाल्याचा धंदा दुप्पट झाला होता, त्यामुळे बाबा खरा की खोटा असं त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

मीही एका रविवारी गेलो, बघायला. बाबा चाळिशीचा असेल. पांढरं धोतर, पांढरी शाल, समोर समई आणि बाटल्या ठेवलेलं ताट, बाजूला पाण्याने भरलेला तांब्याचा हंडा. तो गंगाजलाचा. मागच्या खिडकीत ओळीने काचेच्या छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावून एकेकाचं नाव.

"ये बरफ नहीं है," बाबा सांगत होता. "बरफ ठंड में जमता है. ये हिमखडा है, कैलास का. थंडीत पण जमत नाही, उन्हात पण वितळत नाही. वितळतो फक्त श्रद्धेत. जिसका मन साफ, उसकी मुठ्ठी में पानी. ज्याच्या मनात शंका, त्याच्या हातात दगड."

ऊन खिडकीतून थेट बाटल्यांवर पडत होतं, ते मी बघत होतो. कैलासावरून भाईंदरला येईपर्यंत त्या खड्याने किती टोलनाके पार केले असतील, असंही मनात आलं. पण हसलो नाही. आजूबाजूला सगळ्यांनी हात जोडलेले होते.

पुढे बाबाने गंगाजलातून एक बाटली काढून एका भक्ताच्या हातात दिली. आत पांढरा खडा, खडीसाखरेसारखा. त्याने मूठ मिटली, बाबाने मंत्र म्हटला, मूठ उघडली तर बाटलीत अर्धं पाणी. गाळा नुसता गजबजला. त्याच्या मागचा एक जण कॉलेजातला, जरा वाकडं बोलणारा. त्याला पण बाटली दिली, ताटातली. त्याच्या हातात खडा तसाच. बाबा प्रेमाने म्हणाला, "बेटा, अगली बार मन धोके आना." पोरगा मान खाली घालून गेला.

मग दुखण्याची पाळी. बाबा चांदीच्या काडीने वितळलेलं पाणी दुखऱ्या जागी लावायचा. लावल्यावर आधी जरा चुणचुण, मग थंडगार, मग काहीच नाही. दुखणं गायब. आणि सगळ्यात मोठा चमत्कार म्हणजे लावलेली जागा बघता बघता पांढरी व्हायची. "भस्म," बाबा म्हणायचा. "वरून लावलेलं नाही. आतून आलंय. देव आतून बाहेर आला." तुमच्या नावाची बाटली मग खिडकीत राहायची. पुढच्या रविवारी ती गुलाबी झालेली असायची. तुमच्या दुखण्याचं रक्त खड्याने ओढून घेतलं म्हणून.

अट एकच. पट्टी बांधायची आणि तिला पाणी लागू द्यायचं नाही. पाणी लागलं की कृपा वाहून जाते.

आता शेवंतीमावशी.

अनिशची आई. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. मूळची रत्नागिरीकडची. उभं आयुष्य एका प्रसूतिगृहात आया म्हणून काढलं, आणि रोजची ड्युटी सुटल्यावर घरोघरी जाऊन बाळांना मालिश आणि अंघोळ घालायची. तुम्ही बघितलंच असेल. बाई पाटावर बसते, पाय सरळ लांब करते, बाळाला नडग्यांवर पालथं घालते आणि तेल चोळून कढत पाणी ओतते. नवघरात आमच्या आसपासची अर्धी पोरं मावशीच्या पायांवर न्हाली आहेत. मी स्वतः न्हालोय. माझ्या आईचं म्हणणं, मी तेव्हा एवढा ओरडायचो की खालच्या मजल्यावरचे वर यायचे, आणि मावशी त्यांना सांगायची, "ओरडूंदे, फुप्फुसं मोठी होतात."

तर त्या पायांचे गुडघे गेले होते. जमिनीवर बसता येईना, बसलं तर उठता येईना. आणि त्याच वेळी अनिशच्या बायकोला, दिव्याला, दिवस गेले. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर. मावशीला दुसरं काही सुचेना. जगाची पोरं न्हाऊ घातली आणि माझं नातवंड दुसरी बाई न्हाऊ घालणार काय, हे ती एवढ्या वेळा बोलायची की अनिश हात जोडायचा. अनिश स्टीलच्या गाळ्यात पॉलिशला. हाडांच्या डॉक्टरने वजन कमी करा, व्यायाम करा, पुढे ऑपरेशन बघू असं सांगितलं होतं. मावशी म्हणाली, पुढे म्हणजे कधी, पोर शाळेत गेल्यावर?

गाळ्यातल्या लोकांनीच अनिशला हिमबाबाचं सांगितलं.

पहिल्या रविवारी बाबाने मावशीच्या दोन्ही गुडघ्यांवर काडीने बोटभर जागेत लावलं, पट्टी बांधली. मावशी तीन मजले चढून आली, कठडा न धरता. वर येऊन तिने हॉलमध्ये पाट मांडला, त्यावर बसली, पाय लांब केले आणि उशी नडग्यांवर ठेवून आम्हाला दाखवलं. "हे बघ. असं." उशीला थोपटत बसली कितीतरी वेळ. दिव्या दारात उभी राहून रडत होती, आनंदाने.

मी तिच्या बाजूला बसलो होतो, तेव्हा मला तो वास आला. गोडसर, डांबरासारखा. मी रिपेअरिंगवाला आहे. जुन्या टीव्हीचे, रिमोटचे तपकिरी बोर्ड असतात, त्यांच्यावर सोल्डरिंग आयर्न जरा जास्त टेकलं की असाच वास सुटतो. मी म्हटलं, "मावशी, हा बोर्ड जळल्याचा वास आहे. ह्यात केमिकल आहे काहीतरी. काढ ते."

मावशी हसली. "मेल्या, तुझ्या दुकानात बोर्ड जळत असतील. हा आमच्या दवाखान्याचा वास. आम्ही ह्याच वासाच्या पाण्यानं लादी पुसायचो, बाळंतिणीची खोली धुवायचो. ह्यानं जंतू मरतात. म्हणून तर माझा विश्वास बसला. भोंदू असता तर अत्तर लावलं असतं त्यानं."

मी तिच्याशी भांडलो. अनिशशी पण. अनिश म्हणाला, "निक्या, तुझ्याकडे नाव आहे का त्याचं? काय केमिकल?" नाव नव्हतं माझ्याकडे. नुसता वास होता. गंमत अशी, जर हिला गंमत म्हणता येत असेल तर, की मावशीचंही बरोबर होतं आणि माझंही. दोन्ही वास एकाच गोष्टीचे होते.

पुढच्या रविवारी मी उत्तनला गेलो होतो, एका ओळखीच्या बोटीवरचा वायरलेस दुरुस्त करायला. त्या दिवशी बाबाने अनिशला सांगितलं, माँ की तपस्या बडी है, आता घरीच लावा, मांडीपासून घोट्यापर्यंत. वितळलेल्या पाण्याची मोठी बाटली दिली. अनिशने घरी आणून कापसाने दोन्ही पायांना लावलं. नीट, कुठे कोरडं राहू नये म्हणून. आणि पट्टी सुटू नये म्हणून वरून प्लास्टिक गुंडाळलं. स्टीलच्या डब्यांना पॅकिंगला लावतात ते, ताणून बसवायचं. त्या कामात अनिशचा हात धरणारा कोणी नाही. त्याने गुंडाळलेल्या डब्याला ओरखडा पडत नाही.

त्याच्या हातात रबरी ग्लोव्हज होते. भांडी धुवून पॅकिंग करायच्या ओव्हरटाइमला अर्धा दिवस जाऊन आला होता, आईला लवकर लावायचं म्हणून काढायचे राहिले. म्हणून त्याच्या हातांना काही झालं नाही.

संध्याकाळी मावशीला घाम सुटला, गरगरायला लागलं. लघवी हिरवट काळी झाली. अनिशने बाबाला फोन केला. बाबा म्हणाला, उत्तम लक्षण, आतली घाण निघते आहे, पट्टी सोडू नका, पाणी लावू नका. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, पाय अजिबात दुखत नाहीत. दुखत नाही म्हटल्यावर कोण सोडणार.

सोमवारी सकाळी मी जिन्यात होतो तेव्हा तिला खुर्चीत बसवून खाली आणत होते. शुद्ध नव्हती. आणि पूर्ण जिन्यात तो वास.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर सुचेता म्हणून ड्युटीला होत्या. तरुण, बारीक, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी चादर वर केली, वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, लघवीचा रंग काय. मग स्वतः कात्रीने प्लास्टिक कापलं. आत पाय कुठे पांढरे पडलेले, कुठे तपकिरी, चामड्यासारखे. त्यांनी पाइप लावून पाणी सुरू केलं. धो धो. मी आणि अनिश भिंतीला टेकून बघत होतो. पाणी सगळ्या लादीवर आलं, आमच्या चपला भिजल्या. अनिश हळूच म्हणाला, "पाणी लावायचं नव्हतं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं. पाणी घालत राहिल्या.

दुपारी मावशी गेली. किडन्या बंद पडल्या होत्या, मग हृदयाचे ठोके बिघडले.

(इथे थांबलो होतो. एक बाई मिक्सर घेऊन आली होती. बरं झालं आली.)

नाव डॉक्टरांनी सांगितलं. फिनॉल. जुन्या लोकांच्या भाषेत कार्बोलिक अॅसिड. मग मी वाचायला लागलो, जेवढं मिळेल तेवढं. आणि लक्षात आलं की हे तर सगळीकडे आहे. कुकरचं काळं हँडल, जुनी काळी स्विचची बटणं, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचा गोंद, माझ्या दुकानातले तपकिरी बोर्ड, सगळं फिनॉलपासून बनवलेलं. बनून झालं, पक्कं झालं की ते शांत असतं, हँडलने कोणी मरत नाही. एके काळी डॉक्टर लोक ह्यानेच जखमा आणि हत्यारं धुवायचे, त्याने लाखो माणसं वाचली असतील. कारखान्यात माणसं ग्लोव्हज, चष्मा, मास्क घालून रोज हाताळतात. फिनॉल काही सैतान नाही. पण उघडं, दाट फिनॉल अंगावर पडलं तर ते कातडी जाळतं, आणि कातडीतून आत शिरून रक्तात जातं. जाळताना आधी तिथल्या नसा बधिर करतं. म्हणून माणूस ओरडत नाही.

पुढच्या रविवारी बाबा परत बसला होता. रांग तशीच. मावशीची बातमी गाळ्यात पोचली होती, पण बाबाने तिचंही उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणे घरात कोणीतरी शंका घेतली, पट्टी वेळेआधी सोडली, पाणी लागलं.

आम्ही गेलो. मी, अनिश, डॉक्टर सुचेता आणि साध्या कपड्यातले दोन पोलीस. हॉस्पिटलने केस पोलिसात कळवलेली होतीच. डॉक्टरांनी पोलिसांना एवढंच म्हटलं होतं, नेण्याआधी मला दहा मिनिटं द्या, नाहीतर हे लोक दुसरा बाबा शोधतील.

अनिशने मुंडण केलेलं होतं. त्याला बघून लोक आपोआप बाजूला झाले.

मी सरळ पुढे गेलो आणि गंगाजलाच्या हंड्यात हात घातला. पाणी गरम होतं. चांगलं कोमट, अंघोळीचं असतं तसं. तळाशी बाटल्या होत्या. एक काढली, आणि बाबाच्या ताटातली दुसरी गार बाटली उचलली. त्या कॉलेजच्या पोरासारखाच वाकडं बोलणारा एक जण रांगेत होता, त्याच्या हातात हंड्यातली दिली. आणि बाबाच्या सगळ्यात जुन्या भक्ताच्या, महिपतकाकांच्या हातात ताटातली. महिपतकाका अनिशच्याच गाळ्यातले. म्हटलं, करा मूठ बंद.

शंका घेणाऱ्याच्या हातात पाणी झालं. महिपतकाकांच्या हातात दगड.

डॉक्टरांनी सांगितलं, "हे साधारण चाळीस-एक्केचाळीस डिग्रीला वितळतं. थोडं पाणी मिसळलं असेल तर त्याच्याही आधी. कोमट पाण्यात ठेवलं की वितळायच्या बेतात येतं, बाकी तुमच्या मुठीची ऊब करते. श्रद्धा नाही, ऊब."

मग खिडकी. मी तिथून एक बाटली काढून आणली, तिच्यावर कोणाचंच नाव नव्हतं, कागद लावायचा राहिला असेल. ती पण गुलाबी झालेली. मी विचारलं, बाबा, हे कोणाचं रक्त आहे? रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. हवा आणि उजेड लागला की फिनॉल आपोआप गुलाबी होतं, डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून ते नेहमी गडद बाटलीत ठेवतात. दुखण्याशी त्याचा काही संबंध नाही.

मग भस्म. भुर्जीवाल्याकडून एक अंडं मागवलं. तो पैसे घ्यायलाही तयार नव्हता. डॉक्टरांनी ग्लोव्हज घातले, काचेच्या ग्लासात अंडं फोडून पिवळं बाजूला काढलं, आणि पाण्यासारख्या उरलेल्या भागावर बाटलीतले थोडे थेंब सोडले. ग्लास वर धरला.

थेंब पडले तिथे ते पांढरं व्हायला लागलं. दुधासारखं. उकडलेल्या अंड्यासारखं. गॅस नाही, आग नाही.

रांगेतले लोक आपापल्या पट्ट्यांकडे बघायला लागले.

डॉक्टर म्हणाल्या, "हे भस्म नाही. तुमची कातडी शिजते आहे. देव आतून बाहेर आलेला नाही, विष बाहेरून आत गेलंय. ज्यांनी ज्यांनी लावलंय त्यांनी आत्ता बाहेरच्या नळावर जा, पट्टी काढा आणि भरपूर पाणी घाला. ओलं फडकं फिरवू नका, त्याने नुसतं पसरतं. नळ सोडून खूप वेळ. मग हॉस्पिटल."

महिपतकाका जागचे हलले नाहीत. त्यांच्या मनगटावर पट्टी होती. "डॉक्टरबाई, सगळं कबूल. पण माझं दुखणं थांबलं ना. ते तर खोटं नाय."

उत्तर अनिशने दिलं. त्या दिवशी तो तेवढंच बोलला.

"काका, माझ्या आईचं पण थांबलं होतं. तुमचा हात तुम्हाला सांगतोय की जळतंय, पण सांगणाराच मेलाय. सोडा ती पट्टी."

महिपतकाकांनी पट्टी सोडली. खाली तपकिरी डाग होता, बिडीने चटका दिल्यासारखा. ते त्याच्याकडे बघत बाहेर नळावर गेले आणि त्यांच्या मागे एकेक करून रांग वळली, बाबाकडे पाठ करून.

बाबा मध्येच म्हणत होता, ये सब विज्ञान का अहंकार है. मी ती चांदीची काडी उचलून त्याच्यापुढे धरली. मला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकत होती, त्याने ते पाणी स्वतःच्या बोटाला कधी लागू दिलं नव्हतं. म्हटलं, एक थेंब, तुमच्या हातावर. त्याने हात शालीत ओढून घेतला. "मेरे शरीर में दर्द ही नहीं है," म्हणाला. पोलिसांनी त्याला उठवलं. नंतर कळलं, बाबा होण्याआधी तो कुठल्याशा केमिकल गोदामात ड्रम भरायचा. त्या खड्याचा सगळा स्वभाव त्याला माहीत होता. आता जादूटोणाविरोधी कायद्याखाली आणि मावशीच्या मृत्यूची, अशा दोन्ही केसेस चालू आहेत.

मी काही मोठा माणूस नाही, पण एवढं सांगतो. जो औषधाचं नाव सांगत नाही त्याचं औषध अंगाला लावू नका. जो दुसऱ्याला लावतो आणि स्वतः शिवत नाही त्याला कारण विचारा. दुखणं एका मिनिटात थांबलं तर खूश होण्याआधी विचारा की कशाने थांबलं. ओळखीचा वास आला म्हणून विश्वास ठेवू नका. ज्याने लादीवरचे जंतू मरतात त्याने माणूसही मरू शकतो. हे विचारायला शिक्षण लागत नाही. मी दहावी आहे.

दिव्याला मुलगी झाली, मार्चमध्ये. तिला आंघोळ घालायला बाई ठेवायची असं सगळे म्हणत होते. अनिशने नाही म्हटलं. मागच्या आठवड्यात मी वर गेलो तर तो मावशीच्या पाटावर बसला होता, हाफपँटमध्ये, पाय लांब करून, पोरीला नडग्यांवर पालथी घालून. पोरगी सगळी बिल्डिंग डोक्यावर घेत होती. दिव्या बादली घेऊन उभी. तो मला म्हणाला, निक्या, पाणी बघ रे, जास्त कढत नाही ना. मी कोपर बुडवून बघितलं, सांगितलं बरोबर आहे. त्याने तांब्या भरला आणि थांबला.

"आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी घातलं तिने," तो म्हणाला. "आणि मी तिला लागू दिलं नाही."

मी काही म्हणणार एवढ्यात त्याने हात केला, गप्प बस म्हणून.

"ही मोठी होईल तेव्हा विचारेल आजी कशी गेली. मला नाही जमणार सांगायला. तू सांगशील? खोटं नाही. सगळं."

मी त्याच्या बाजूला लादीवर बसलो.

"सांगेन," म्हटलं. "आजी तुझ्यासाठी गुडघे नीट करायला गेली होती हे सांगेन. एका चोराने तिला फिनॉल दिलं, हे नावासकट सांगेन. पट्टी तुझ्या बापाने बांधली, हे पण सांगेन. आणि त्याला आईची एवढी घाई होती की हातातले ग्लोव्हज काढायलाही तो थांबला नाही, हेसुद्धा. काही वगळणार नाही, अन्या. शब्द देतो."

त्याने मान हलवली आणि पोरीच्या पाठीवर पाणी सोडलं.